डाव्या पेटीतली घोंगडी

राहाता,
गुरुवार, दुपार (दुकानात लाईट नाही, म्हणून वेळ आहे)

रा. रा. राधाकृष्णराव व्याहीबुवा,
मुक्काम सुपा, यांना

सोपान गहिनीनाथचा दोन्ही हात जोडून रामराम. आपला गुडघा, विहीणबाईंची दाढ, जावईबापूंची रात्रपाळी आणि आमची ज्ञानेश्वरी, या चौघांची खुशाली याच क्रमाने कळवावी. (ज्ञानेश्वरी शेवटी, कारण ती फोनवर स्वतःच कळवते, आपल्या गुडघ्याबद्दल मात्र आपण दर वेळी वेगळं सांगता.) इकडे सर्व ठीक. दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची, तब्येत उत्तम. इतकी उत्तम की त्याबद्दल हे सगळं पत्र लिहावं लागतंय.

परवा फोनवर आपण विचारलंत, "सोपानराव, सध्या हातात काय काम हाय?" मी म्हणालो, विशेष काही नाही. ते खोटं होतं. फोनवर मी नीट सांगू शकत नाही. मी मापं सांगायला लागलो की आपण हसता. कागदावर हसलात तरी मला दिसणार नाही. तर सविस्तर लिहितो.

आजवर मी स्वतःच्या हातांनी, कुणाच्या शिकवणीशिवाय, बनवलेल्या वस्तू अशा: दुकानातलं वायंडिंगचं मशीन (सायकलच्या चेनवर चालणारं, वेढे मोजणाऱ्या काट्यासह). ज्ञानेश्वरीचा पाळणा. शेवयांचं यंत्र. आईच्या शेवटच्या दुखण्यातला, बटण दाबलं की डोक्याकडून वर उठणारा पलंग (उठायचा हमखास, खाली बसवायला मात्र दोन माणसं लागायची). शेजारच्या बनुबाईंच्या म्हशीचा पंखा. आणि गेल्या अकरा आठवड्यांत, स्पीकरच्या दोन पेट्या. मी दहावी नापास आहे हे आपणाला लग्न ठरतानाच सांगितलं होतं, पण छत्तीस खाचांच्या मोटरचं वायंडिंग मी डोळे मिटून करतो हे तेव्हा सांगायचं राहिलं, ते आता सांगतो. पत्र या पेट्यांबद्दल आहे. आपल्याबद्दलही आहे, पण ते ओघाने येईल. मी ओघ जरा लांब ठेवला आहे.

मुळात या पेट्यांचं कारण आपण. घाबरू नये, आभार मानतोय. आपली सून रेडिओवर बोलते याचं श्रेय लोक मला देतात ("बापाचा गुण," म्हणतात, जसा काही मी ट्रान्समीटर बनवला), पण खरं काय ते मला माहीत आहे. नगरच्या रेडिओ केंद्राची निवेदकांची जाहिरात आपण कापून ठेवलीत. अर्ज आपण भरून घेतलात. आणि आता दर मंगळवारी आपण तो दुखरा गुडघा घेऊन स्कूटरवरून तिला सुप्याहून नगरला नेता आणि बाहेर लिंबाखालच्या बाकावर तीन-तीन तास बसून राहता, हे तिने मला सांगितलं. आपण सांगितलं नाहीत. मी तिचा बाप, पण बाकावर मी बसलेलो नाही. ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे, एवढंच इथे नोंदवतो. जास्त लिहिलं तर अक्षर बिघडेल.

तर फेब्रुवारीत तिचा पहिला कार्यक्रम लागला. मंगळवार, संध्याकाळी पावणेसात, शेतकऱ्यांसाठी. आमच्या अख्ख्या गल्लीने ऐकला. बनुबाईंनी म्हशीची धार अर्धी सोडून ऐकला. दादांनी रेडिओ मांडीवर घेतला, डाव्या कानाला लावला (डावा जरा बरा आहे), डोळे मिटले, आणि पंधरा मिनिटांनी रेडिओ खाली ठेवून म्हणाले, "आवाज येतोय. बाई बोलतीय, एवढं कळतंय. पन आपली ज्ञाना हाय का दुसऱ्याची कोन, ते न्हाई कळत."

आणि उठून ओट्यावर जाऊन बसले.

व्याहीबुवा, त्यानंतर दादा बोलायचेच बंद झाले. जेवायला बोलावलं की मान हलवायची, व्हय किंवा न्हाई. ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्या ऐकायच्या तो माणूस. कानाचं मशीन मागच्या वर्षी घेतलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी अडकित्त्याच्या डब्यात टाकलंय. आता सुपारी कातरताना ते शिट्टी मारतं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की दादांना जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत, आणि माणूस शब्द ओळखतो तो बारीक आवाजावरून. जाडाने बारकाला झाकलं की खेळ संपला. मोबाईलवर आधीच ऐकवून पाहिलं होतं, तेव्हा म्हणाले होते, माशी बोलती. रेडिओचा आवाज वाढवला तर जाड आवाजच वाढतो. तेव्हा मी ठरवलं की असा स्पीकर करायचा, ज्यात 'स' आणि 'श' वेगवेगळे ऐकू येतील, आणि दादांना नातीचा आवाज ओळखू येईपर्यंत थांबायचं नाही. हे मी ज्ञानेश्वरीच्या आईला, लंकाला, मोठ्याने बोलून दाखवलं. (ही चूक. मनात ठरवलेलं मोडता येतं.)

पेट्या मी पाऊण इंची प्लायवूडच्या केल्या. आतून बारा बाय चौदा बाय वीस इंच, म्हणजे पंचावन्न लिटर. हा हिशोब कागदावर बरोबर होता, पण कागदावर माझा विश्वास नाही, म्हणून दुधाच्या लिटरच्या मापाने बाजरी ओतून पाहिली. पंचावन्न मापं आणि वर दोन मुठी. त्या दोन मुठींसाठी मी आतल्या एका पट्टीला रंधा मारला. बाजरी परत कणगीत टाकली. पुढचे आठ दिवस भाकरीला डिंकाचा वास येत होता, पण ते माझ्या मते डिंकाच्या दर्जाबद्दल बोलतं, माझ्याबद्दल नाही. आठ इंची स्पीकर, वर छोटा बारीक आवाजाचा, पाठीमागच्या फळीला सोळा स्क्रू. पेटीच्या कोपऱ्यात नव्वद अंशांना केसभरही फरक नाही. बघायला याल तेव्हा गुण्या घेऊन या.

मंगळवारी लावल्या. आमची पोरगी रिकाम्या हौदात तोंड घालून बोलावी तशी बोलली.

याचं कारण सांगतो, सोपं आहे. स्पीकरचा पडदा जितका आवाज पुढे ढकलतो तितकाच मागेही ढकलतो. पुढचा आपल्या कानात येतो. मागचा पेटीत कोंडतो, फळ्यांवर आपटतो आणि जरा उशिराने पडद्यातूनच बाहेर पडतो. म्हणजे पंगतीत आपण काही बोलावं आणि मागून कुणीतरी तेच वाक्य जाड्या आवाजात पुन्हा म्हणावं, तसं. हा मागचा आवाज पेटीतच जिरवायचा तर आत काहीतरी मऊ, धाग्याधाग्यांचं भरावं लागतं. लाकूड, तार, स्क्रू या सगळ्यांची मापं मिळतात. आत काय भरायचं याचं माप कुणी सांगत नाही. माझे पुढचे आठवडे यात गेले.

पहिले अंड्याचे ट्रे. मोबाईलवर जो तो ट्रे चिकटवतो. मी पोल्ट्रीवरून पुठ्ठ्याचे चोवीस ट्रे आणले आणि ओट्यावर उन्हात टाकले. दादा पन्नास वर्षांचे माळकरी, हे मला माहीत होतं. पण ट्रे म्हणजे अंडी नव्हेत, हे गल्लीला माहीत नाही, हे मला माहीत नव्हतं. बनुबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "लंके, चोवीस ट्रे हायेत गं. तिसानं गुनलं तर सातशे वीस अंडी झाली. मामंजींच्या गळ्यात माळ, आन् घरात हे?"

लंका म्हणाली, "रिकामेच आनल्यात, मावशी."

"खाल्ल्यावर रिकामेच ऱ्हानार की."

त्या दिवसापासून भजनी मंडळाने आमच्याकडचा चहा बंद केला. नऊ दिवस. मृदंगवाले काका तर रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मी ओट्यावर पाटी लावली, 'ट्रे फक्त आवाजासाठी.' त्याने बोलणं आणखी वाढलं. आणि एवढं सोसून, पेटीत चिकटवल्यावर फरक काय? काही नाही. हौद तो हौदच. (पातळ पुठ्ठा जाड आवाज जिरवत नाही, हे मला आता ठाऊक आहे. मोबाईलवरच्यांना कुणी कळवावं.)

दुसरा उसाचा चोथा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. हा विचार संपूर्ण माझा. धागाच धागा, हलका, आणि इकडे पैशाला पासरी. दोन दिवस उन्हात वाळवला, हातात घेतला की कुरकुरेल इतका. भरला. आवाज खरंच जरा बरा झाला, हे मी वहीत लिहून ठेवलंय. पण ऊस कितीही पिळला तरी ऊसच. मंगळवारी बरोबर पावणेसातला, ज्ञानेश्वरीने 'शेतकरी बंधूंनो' म्हटलं आणि स्पीकरच्या जाळीतून मुंगळे निघाले. रांगेने, शिस्तीत, तारेवरून चालत अॅम्प्लिफायरमध्ये गेले. तिथे त्यांच्यातल्या काहींनी जीव दिला आणि फ्यूजही सोबत नेला. एक दादांच्या अंगठ्याला चावला. दादांनी पायाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ओट्यावर गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसरी, आपण पाठवलेली काचेची लोकर. तिच्याबद्दल मनापासून आभार. आपण कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलीत, आणि 'बॉयलरवर गुंडाळतात ते आवाजालाही चालतं' हे आपलं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेलं पोतं सुखरूप पोहोचलं. (ड्रायव्हरने ते पाठीला टेकायला घेतलं होतं, असं उतरवताना कळलं. तो अजून त्या रूटवर दिसलेला नाही.) आवाज सुधारला. मी स्वतः ऐकलं. पण काचेचे बारीक धागे त्या आठ इंची पडद्याच्या वाऱ्याने कडेच्या फटीतून बाहेर उडत असावेत, कारण बातम्या संपेपर्यंत मी मान खाजवत होतो, लंका दंड खाजवत होती, आणि कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दादा भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत होते. ज्याची पाठ खाजते त्याला नातीचा आवाज कुठला ओळखू येणार? तीन दिवस खोबरेल तेल चोळलं. बनुबाई म्हणाल्या, सातशे वीस अंड्यांची उष्णता. तरीही, आपण पोतं पाठवलंत, भाडं भरलंत, वर चिठ्ठीत 'हातमोजे घालावेत' असंही लिहिलं होतंत. ती चिठ्ठी पोत्याच्या तळाशी निघाली. चूक माझी. आभार आहेतच.

आता, व्याहीबुवा, घोंगडीकडे वळतो.

लग्नात आपण काय केलंत ते राहात्यात लोक अजून सांगतात. मुलीच्या बापाने मानपान करायचा आणि मुलाच्या बापाने खांदा पुढे करायचा, ही रीत. आपण मानपान नको म्हणालात. वर भर मांडवात उठून, सनगराकडून मुद्दाम विणून घेतलेली काळी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकलीत आणि म्हणालात, "लेक दिली, आता थंडी वाजंल तुमाला." लोक हसले. मी हसलो नव्हतो, कारण ती एप्रिल महिन्यात दुपारी साडेबाराला टाकली होती आणि माझ्या डोळ्यांतून घाम येत होता. एवढा मान माझा कुणी केला नव्हता. आजवर ती आम्ही कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली. दिवाळीला काढायची, पाहुण्यांना दाखवायची, परत ठेवायची. तिच्यावर कुणी बसलेलं नाही. दादासुद्धा नाहीत.

महिन्यापूर्वी लंकाने ती ऊन दाखवायला बाहेर काढली. दोरीवर कुरडया होत्या, म्हणून ती तिने डाव्या पेटीवर पसरली. पेटीची मागची फळी काढलेली होती (मी काचेचे शेवटचे धागे चिमट्याने वेचत होतो), आणि घोंगडी अर्धी आत लोंबत होती. रेडिओ चालू होता. बाजारभाव चालले होते. एकाएकी माझ्या कानात 'संगमनेर' हा शब्द पडला, त्यातला 'स' वेगळा, 'ग' वेगळा, अनुस्वार जागच्या जागी. मी घोंगडी काढली: हौद. घातली: संगमनेर. काढली: हौद. हे मी सतरा वेळा केलं. लंका दारात उभी राहून बघत होती. अठराव्या वेळी म्हणाली, "न्हाई. व्याह्यांचा आहेर हाय त्यो."

मी म्हणालो, मी कुठं काय म्हणतोय?

"तुमी कात्रीकडं बघताय."

मी घोंगडी घडी करून ट्रंकेत ठेवली. माझ्या हाताने ठेवली, हे नोंदवावं. बाजारात लोकर शोधली. गादीवाल्याकडे कापूस आहे, तो ढेकूळ होऊन खाली बसतो. परदेशी लोकर मोबाईलवर मिळते, ती यायला पाच आठवडे. मेंढरांचा वाडा या दिवसांत इकडे नसतो. त्यात एक मंगळवार कोरडा गेला. संध्याकाळी दादा आपणहून आत आले नाहीत. पावणेसातला मी बोलवायला गेलो तर त्यांनी हाताने 'राहू दे' केलं. फक्त हाताने. मी आत आलो. लंका ट्रंक उघडून बसली होती. म्हणाली, "कापा. व्याहीबुवांना मी सांगते."

(आता सांग म्हटलं तर म्हणते, "कात्री तुमची, पत्र बी तुमचंच." म्हणून हे पत्र.)

तर कळविण्यास अत्यंत संकोच वाटतो की आपली मानाची घोंगडी आम्ही कापली. कात्रीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आपल्या गावाकडे तोंड करून हात जोडले (मी नैऋत्येकडे चुकीने वळलो होतो, लंकाने दक्षिणेकडे वळवलं), आणि बरोबर मधोमध कापली. इतकी सरळ की दोन्ही भागांच्या वजनात दहा ग्रॅमचा फरक आला. सोनाराकडे तोलली.

अर्धा भाग माझ्या चुकीने गेला, तेही सांगून टाकतो. कसर लागू नये म्हणून मी तो सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून काठीने चांगला ढवळला. बाहेर काढला तेव्हा तो पोळपाटाएवढा झाला होता, आणि पोळपाटाइतकाच कडक. लोकर उकळून घुसळली की आवळते, हे जगातल्या प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक आहे आणि मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. उरलेला भाग लंकाने हातात घेतला आणि मला न्हाणीतून बाहेर काढलं. थंड पाणी, रिठे, दोन रात्रीचं भिजवण. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून सनगर चिंचोक्याची खळ देतात, ती सगळी निघाली. मग सूत न् सूत उसवायचं, प्रत्येक सूत बोटांनी पिंजून त्याची लोकर करायची. लंका बसली. बनुबाई बसल्या (अंड्यांचं प्रकरण त्यांनी सोडून दिलं, घोंगडी माझीच म्हैस बघत व्हती रोज, म्हणाल्या, याचा अर्थ मी विचारला नाही). आणि दुसऱ्या दिवशी दादा आपणहून ओट्यावरून उठून आले, ढिगाशेजारी मांडी घातली आणि पिंजायला लागले. त्यांना काय चाललंय ते आम्ही सांगितलं नव्हतं, सांगणार कसं? उशी भरतोय असं त्यांना वाटलं असावं. चार दिवस त्यांनी नखांनी लोकर पिंजली, सगळ्यांत बारीक त्यांची.

सातशे ग्रॅम निघाली. लिटरला बारा ग्रॅम हे माप मी अंदाजाने धरलं, पंचावन्न लिटरला सहाशे साठ. लोकर पडद्यावर सांडू नये म्हणून ती कांद्याच्या लाल जाळीच्या गोणीत सैल भरून आत बसवली. (ही युक्ती माझी. कुणाला सांगितलीत तर माझं नाव घ्यावं.) सोळा स्क्रू. सव्वासहाला पेटी बंद.

पावणेसात. मी दादांना हाताला धरून आणलं आणि पेटीसमोर खुर्चीवर बसवलं. ज्ञानेश्वरी बोलायला लागली. उन्हाळी कांदा चाळीत कसा साठवावा. दादांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. लंका माझ्या तोंडाकडे बघत होती. मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला ती हसली, तिला ते मध्येच हसायची सवय आहे, आपणाला माहीत आहे. दादांनी डोळे उघडले.

"ज्ञाना हाय ही."

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला म्हणून आत गेलो. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशातच होता.

परत आलो तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरकले होते. म्हणाले, "चुकीचं सांगती पोरगी. कांदा काढला की लगीच चाळीत टाकत्यात व्हय? आधी पातीसकट वावरात सुकू द्यावा, मग मान बारीक पिळून कापावी. कुनी शिकवलं हिला? सोपान, फोन लाव तिला." रेडिओवरच्या शास्त्रज्ञांनी लिहून दिलंय ते ती वाचते, असं मी ओरडून सांगितलं. म्हणाले, "मग त्याला लाव." तेव्हापासून दादा बोलतायत. कांद्यावरून लसणावर, लसणावरून विहिरीवर, विहिरीवरून माझ्या दहावीवर. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा, दादांचं उत्तर दीड तासाचं. भजनी मंडळ पुन्हा चहाला येतं, कारण मंगळवारी दादा त्यांच्याशी भांडतात. गेल्या मंगळवारी ती शेवटी म्हणाली, "मी ज्ञानेश्वरी समर्थ, आपली रजा घेते," तर दादा म्हणाले, "बापाचं नाव घेतलं न्हाई." आता हे त्यांना स्पष्ट ऐकू आलं याचा मला इतका आनंद झाला की बाकीचं मी मनावर घेतलं नाही. जावईबापूंना सांगू नये.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. तिचा आवाज हवेत गेला तो आपल्या स्कूटरवर बसून, आणि आमच्या घरात उतरला तो आपल्या घोंगडीतून गाळून. मधलं लाकूडकाम माझं.

विहीणबाईंना, जावईबापूंना रामराम. गुडघ्याला शेकत जावं.

आपला ऋणी व्याही,
सोपान

ता. क. पुढच्या आठवड्यात अधिक महिना लागतोय. जावईबापू, ज्ञानेश्वरी, आपण आणि विहीणबाई धोंड्याच्या जेवणाला यायचंच आहे, वेगळं बोलावणं येईल. त्या दिवशी आपणाला आहेराच्या घोंगडीवर बसवायचं असं लग्नातच ठरलं होतं. ते आता जमणार नाही. उकळून आवळलेला जो भाग आहे तो पायपुसणं केलेला नाही, कुणी काहीही सांगो. तो गॅसच्या सिलिंडरखाली आहे, मानाने आहे.

ता. क. दुसरी. वर मी 'पेट्या' असं लिहिलंय ते तसं बरोबर आहे, पण चालू आहे ती डावी. उजवीची तार मी पाठीमागून काढून ठेवली आहे, कारण ती लावली की हौद परत येतो. दादांना फरक पडत नाही, त्यांचा कान डावा. गल्लीला पेट्या दोन दिसतात आणि सगळे 'दोन्हीकडून काय येतो आवाज' म्हणतात, तेव्हा मी मान हलवतो. ही गोष्ट मला खाते. तर विनंती अशी: येताना त्याच सनगराकडून सहाशे साठ ग्रॅम लोकर आणता आली तर बघावं. न विणलेली, खळ न दिलेली, न रंगवलेली. पूर्ण घोंगडी आणलीत तर नाही म्हणणार नाही, पण मग ती आहेर म्हणून माझ्या खांद्यावर टाकू नये. सरळ लंकाच्या हातात द्यावी, म्हणजे परत नारळ फोडायला नको. धोंड्याच्या महिन्यात मी आपणाकडे मागतोय, हे उलटं आहे. पण सुरुवात आपणच केली होतीत.

ता. क. तिसरी. सोबत दादांनी सांगून लिहवलेल्या कांद्याच्या दुरुस्त्या, एकूण अकरा. ज्ञानेश्वरीला द्याव्यात. बारावी मी गाळली, ती शास्त्रज्ञांच्या घराण्याबद्दल होती.

ता. क. चौथी, आणि ही फक्त आपल्यापुरती. (लंकाला माहीत नाही. तिला नवा फ्रीज हवा आहे.) मागच्या सोमवारी संगमनेरचा एक साऊंड सर्व्हिसवाला मोटर न्यायला आला होता, त्याने पेटी ऐकली. परत ऐकली. गुडघ्यावर बसून आत डोकावला. म्हणाला, दोन्ही द्या, रोख देतो, आत्ता गाडीत टाकतो. मी म्हणालो, उद्या मंगळवार आहे. त्याला काही समजलं नाही, त्याला वाटलं मी किंमत वाढवतोय, म्हणून त्याने दोन हजार वाढवले. मी म्हणालो, उद्या मंगळवारच आहे. तो गेला. सत्तावीस हजार रुपये.